केसरबाईंचा थर्मास आणि मोहाची सहल

जळगावातल्या एका अरुंद गल्लीत, केसरबाईंच्या फडताळात दुसऱ्या फळीवर जो लाल थर्मास उभा आहे ना, तोच मी. अंगावर दोन पांढरी फुलं आहेत. त्यातलं एक घासून घासून निम्मं गेलंय. बाहेरून धट्टाकट्टा दिसतो, पण माझ्या पोटात काच आहे आणि तीही कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. म्हणून सांगतो, मी जन्मापासून भित्रा.

कारखान्यातून निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही चोवीस जण होतो. जळगावच्या दुकानात खोकं उघडलं. दुकानदारानं एकेकाला कानाशी धरून हलवलं. चौघांच्या पोटात खळखळ वाजली. त्यांना त्यानं दुकानामागं टाकून दिलं. माझी पाळी आली तेव्हा मी श्वास धरून होतो.

केसरबाईंचे यजमान अभिमनभाऊ मला घरी घेऊन आले. ते फर्निचरला पॉलिश करायचे, त्यांची बोटं कायम तांबूस असायची. मला आणलं आणि वर्षभरातच ते आजारी पडले. सरकारी दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी अठरा दिवस होतो. एकोणिसाव्या दिवशी केसरबाई मला एकट्याच घरी घेऊन आल्या.

तेव्हापासून मी गल्लीचा झालो. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाला मोतीबिंदू, कोणाचा पाय मोडलेला, की पोरगं धावत यायचं, "अक्का, थर्मास द्या!" केसरबाई देणार, नाही कधी म्हणणार नाहीत. पण देण्याआधी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहणार. "कोणाले ठेवलंय? काय झालंय? रात्री झोप लागली का? सून आली का बघायला?" सगळं समजल्याशिवाय माझ्यावरची त्यांची मूठ सुटायची नाही. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, तिकडची बोली मधूनच तोंडात यायची. लोक पाठीमागं म्हणायचे, केसरबाईला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय आहे. खरंच आहे ते. मी त्यांच्या घरचा आहे, मला माहीत आहे.

एकोणनव्वद सालची गोष्ट. चैत्र लागला होता. शनिवारी दुपारी पितांबर आला. तो चार घरं सोडून राहायचा, स्टँडजवळ त्याची घड्याळ दुरुस्तीची टपरी होती. डोळ्याला भिंग लावून तो मुंगीच्या पायाएवढे स्क्रू चिमट्यानं उचलायचा. हात बारीक, नजर तल्लख. गल्लीत म्हणायचे, पितांबरच्या नजरेवर सहा माणसं जेवतात, आई, बायको, तीन पोरी आणि तो स्वतः.

"अक्का, उद्या थर्मास पाहिजे होता."

"कोण आजारी शे?"

"कोणी नाही. मनुदेवीला चाललो. चुडामणच्या जीपनं."

"लता पण येतेय?"

"नाही, आम्ही गडीमाणसंच."

केसरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "गडीमाणसं देवीला, अन् बायका घरी? उलटंच दिसतंय मले तर."

पितांबर हसला. हसताना त्याचे कान लाल झाले. मला ते दिसलं. केसरबाईंनाही दिसलं असणार, पण त्यांनी मला दिला.

रविवारी सकाळी लताबाईंनी माझ्यात आल्याचा चहा भरला. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. जीप चालवणारा चुडामण एरंडोलचा. पूर्वी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे कामाला होता, सातपुड्यातली पायवाट न् पायवाट त्याला पाठ. आता दर रविवारी तो शहरातल्या हौशी लोकांना डोंगरात फिरवायचा. मागच्या सीटवर धुळ्याचे कौतिक सर आणि त्यांचे मेहुणे बसले होते.

तापी ओलांडली, केळीच्या बागा लागल्या आणि चुडामणनं तोंड उघडलं.

"आज तुम्हाले खान्देशची खरी चव दाखवतो. मोहाची. फुलाची. बाटलीतलं नाही. पावरा आदिवाशांच्या पाड्यावर, मडक्यातून निघते तशी."

तेव्हा मला समजलं, ही सहल कशाची आहे. माझ्या आत चहा हलला.

जीप आधी मनुदेवीला थांबली. धबधबा आटलेला, माकडं कातळावर बसलेली. दर्शन झालं, प्रसाद झाला. मग चुडामणनं तिघांना खालच्या पायरीवर उभं केलं. हा त्याचा दर रविवारचा नेम होता. प्रत्येकाचा उजवा हात पायरीला टेकवून तो म्हणवून घ्यायचा, "देवीच्या पुढं कुठं गेलो, काय घेतलं, हे तोंडातून निघणार नाही."

"अरे, एवढं कशाला?" कौतिक सर म्हणाले.

"सर, मागच्या साली एकानं बायकोले सांगितलं. तिनं आमच्या घरी येऊन माझ्या आईसमोर माझी इज्जत काढली. तवापासून नेम केला. देवीची आण शे. मोडली का डोळे फुटतात."

तो गंमतीनंच म्हणाला, पण पितांबरनं पायरीला हात लावताना डोळे मिटून घेतले. त्याचा देवीवर लई भरवसा. पहिल्या दोन पोरी दगावल्या, मग नवस केला होता, तेव्हा या तिघी जगल्या.

पाडा डोंगराच्या कुशीत होता. घरं थोडीच. मोहाची झाडं मात्र जुनी, आणि त्यांच्याखाली पिवळसर फुलांचा सडा. वास असा गोड की माशाही सुस्त झालेल्या. सुमलीबाई नावाची म्हातारी चुलीपाशी बसली होती. खालच्या मडक्यात भिजवलेली फुलं खदखदत होती, त्यावर दुसरं मडकं उपडं, मधून एक बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाला पाण्यात ठेवलेल्या भांड्यात थेंब थेंब पडत होते.

तिनं पळसाच्या पानांचे द्रोण केले. पहिल्या द्रोणातलं थोडं जमिनीवर सांडलं, पूर्वजांच्या नावानं. मग स्वतः एक घोट घेतला. आणि मग पाहुण्यांना दिलं. बसून, हळू. कोणी दुसरा द्रोण मागितला तर ती आधी तोंडाकडे बघायची, मग द्यायची किंवा मान हलवून नाही म्हणायची.

पितांबरनं आयुष्यात पहिल्यांदा चव घेतली. "धुराची चव आहे," तो म्हणाला. "आणि फुलाची. अक्काच्या घरी हळद भाजतात ना, तसं काहीतरी."

"आता लिही कविता!" कौतिक सर म्हणाले आणि सगळे हसले.

माझ्यातला चहा तोवर संपला होता. पितांबरनं मला विसळलं आणि म्हातारीपुढं धरलं. "यात थोडी भरून द्या, मावशी. गावात दाखवायला नेतो."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या लाल अंगाला तिनं बोट लावलं आणि हात मागं घेतला.

"हाई आठेच बठीसन पेवानी शे," ती म्हणाली. "भरी लई जावानी नही." इथंच बसून प्यायची, भरून न्यायची नाही.

"मावशी, जरासं."

"नही."

मला तेव्हा बरं वाटलं. रिकामा घरी जाईन, असं वाटलं.

उतरताना चोपड्याला कौतिक सर आणि त्यांचे मेहुणे धुळ्याच्या गाडीसाठी उतरले. जीपमध्ये दोघंच राहिले. पितांबर मला मांडीवर फिरवत बसला होता. टपरीशेजारच्या दुकानदारांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, सोमवारी चव दाखवतो म्हणून. आण तर तोंडातून न सांगण्याची होती, थर्मास उघडून न दाखवण्याची नव्हती. असा त्यानं मनाशी हिशेब केलेला.

"तोंड काहून पाडलं?" चुडामण म्हणाला. "थांब, तुझं काम करतो."

रस्त्याच्या कडेला कापसाच्या पऱ्हाट्यांची एक झोपडी होती. समोर दोन ट्रक उभे. चुडामण मला घेऊन आत गेला. आत निळा प्लॅस्टिकचा कॅन होता, चूल नव्हती, मडकं नव्हतं, फुलं नव्हती. तिथल्या माणसानं कॅन कलता केला आणि माझ्या पोटात थंड, पातळ, झणझणीत असं काहीतरी आलं.

मला लगेच समजलं. वास ओळखीचा होता. अभिमनभाऊंच्या बोटांचा वास. त्यांच्या पॉलिशच्या डब्याचा.

"मोहाचीच आहे ना?" चुडामणनं विचारलं.

"मंग काय त," तो माणूस म्हणाला आणि कॅनचं झाकण लावून आत गेला.

तापीच्या काठावर, बाभळीच्या सावलीत जीप थांबली. दुपारचे दोन वाजले असतील. चुडामणनं माझं झाकण पेल्यासारखं धरलं. "बघू, तुझ्या पोटात गेल्यावर चव बदलते का." त्यानं तीन झाकणं घेतली. पितांबरनं एक घेतलं, तोंड वाकडं केलं.

"ही तशी नाही लागत रे."

"हिच्यात दम जास्त शे. घे अजून."

दुसरं झाकण घेताना त्याचा हात थांबला होता. मला वाटलं, आता ओतून देईल नदीत. मी मनातल्या मनात हात जोडले. मला हात नाहीत, तरी जोडले. त्यानं डोळे मिटून घोट घेतला. उरलेलं, निम्म्याच्या वर, माझ्यातच राहिलं. बूच घट्ट बसलं.

सोमवारी सकाळी मी लताबाईंच्या ओट्यावर होतो. पितांबर उठला तोच कपाळ धरून. दोनदा उलटी झाली. लताबाईंनी लिंबूपाणी दिलं. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काल काय खाल्लं?"

"देवीचा प्रसाद. भाजीभाकरी. उन्हात फिरलो." पितांबर म्हणाला.

डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली. मी ओट्यावरून बघत होतो. आतून ओरडत होतो. थर्मासला आवाज असता तर त्या दिवशी माझी काच फुटली असती.

नऊ वाजता धाकटी पोरगी एक घड्याळ घेऊन आली. गिऱ्हाईकाचं होतं, सोमवारी द्यायचं. पितांबरनं भिंग लावलं, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ नेलं.

"लता, खिडकी उघड."

"उघडीच आहे."

"मग धुकं कशाचं आहे?"

चैत्रात जळगावला धुकं! लताबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. पण पितांबर म्हणाला, ऊन लागलंय, जाईल. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं. दोन बाजूंनी घाबरला होता. सांगितलं तर देवीची आण मोडेल आणि डोळे जातील. नाही सांगितलं तरी डोळे जातच होते. त्याला वाटलं असेल, मनातल्या मनात आण मोडली म्हणूनच हे झालं.

अकराच्या सुमारास दारात केसरबाई. "लता, थर्मास दे गं. मंदाबाईच्या सासऱ्याले ॲडमिट केलंय."

"देते अक्का. पण रिकामा कसा देऊ? थांबा, साखर घालते." आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. लताबाईंनी मला उचललं आणि थबकल्या. "अगं बाई, भरलेलाच आहे. कालचा चहा विसरले वाटतं."

"दे इकडे. मी ओतते."

केसरबाईंनी बूच काढलं. मोरीकडे वळल्या. आणि सवयीनं माझ्या तोंडाशी नाक नेलं.

त्या तिथंच उभ्या राहिल्या. मी बघितलं, त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी बूच पुन्हा लावलं, मला छातीशी धरलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

"पितांबर. काय पिना तू?"

"काही नाही, अक्का."

"मी शिरपूरची शे. मोहाचा वास मले माहीत. अन् वीस वरीस पॉलिशवाल्याचा संसार केलाय. तोही वास मले माहीत. यात मोह नाही. कोठे गयथा तू?"

पितांबर भिंतीकडे तोंड करून पडला. "नाही सांगता येणार. देवीची आण आहे."

लताबाई रडायलाच लागल्या. केसरबाईंनी त्यांना एका हातानं मागं सारलं आणि पलंगावर बसल्या.

"तोंडातून काढायचं नाही, एवढीच आण ना? मंग तू नको बोलू. मी बोलते. बरोबर असंल तर मान हलव. मान हलवायची आण देवीनं घेतली नाही."

मग हळूच त्याची मान हलली.

"चुडामणच्या जीपनं गेले. देवीच्या पुढं. पावऱ्यांच्या पाड्यावर."

मान हलली.

"तिथं मोहाची पिनास. ती चांगली होती."

मान हलली.

"हे थर्मासातलं तिथलं नाही. रस्त्यात भरलं."

मान हलली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अक्का, तुमचं तोंड दिसत नाही मला. नुसतं पांढरं दिसतंय."

पुढचं सगळं मी पदराखालून ऐकलं. रिक्षात केसरबाई 'बारा? एक? दोन?' असं विचारत दोनवर थांबल्या. मग दवाखाना, पायऱ्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पितांबर त्यांनाही प्रसादाचंच सांगायला लागला, तेव्हा केसरबाईंनी मला थेट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हे पिला तो. काल दुपारी दोन वाजता. किती झाकणं रे?"

पितांबरनं दोन बोटं वर केली.

डॉक्टरीणबाईंनी बूच काढून वास घेतला आणि उठून उभ्या राहिल्या. "हे पॉलिशचं स्पिरिट आहे, यानं डोळे जातात. बरं झालं आणलंत. अजून वेळ आहे. आणखी कोणी घेतलंय?"

"चुडामण?" केसरबाईंनी विचारलं. पितांबरनं मान हलवली, मग तीन बोटं वर केली. चुडामणची तीन झाकणं.

दवाखान्याच्या शिपायाचा भाऊ एरंडोलला निघाला होता. केसरबाईंनी त्याचा शर्ट धरून त्याला पत्ता पाठ करायला लावला. तो एरंडोलला पोचला तेव्हा चुडामणच्या आईनं दार अर्धंच उघडलं. "झोपलाय. कालपासून डोकं दुखतंय म्हणतो. झोपू दे त्याले." हा भला माणूस उंबऱ्यातून हलला नाही. पण तिनं त्याला आत घेईपर्यंत आणि चुडामणला उठवून जळगावला आणेपर्यंत दिवस मावळला होता.

मला त्या रात्री टेबलावरच ठेवलं होतं. माझ्यातलं थोडं एका बाटलीत काढून घेतलं, चिठ्ठी लावली, बाकीचं ओतून दिलं. कोणीतरी वॉर्डातून वॉर्डात धावत होतं. मी पहिल्यांदा देवीचं नाव घेतलं.

पितांबर वाचला. डोळेही पुष्कळसे वाचले. माणूस ओळखतो, रस्ता ओलांडतो, पोरींच्या फ्रॉकचा रंग सांगतो. पण मुंगीच्या पायाएवढे स्क्रू आता त्याला दिसत नाहीत. भिंग त्यानं पेटीत ठेवून दिलं. मनगटी घड्याळं तो घेत नाही, फक्त भिंतीवरची घेतो. मोठे काटे, मोठी चाकं. टपरी चालते. कमी चालते, पण चालते.

पुढं काही लोक म्हणायला लागले, पावऱ्यांनीच विष पाजलं. केसरबाई भर गल्लीत उभ्या राहिल्या. "धुळ्याचे मास्तर तिचंच पिले, अन् मंगळवारी शाळेत शिकवत होते. मी पत्र पाठवून विचारलंय. म्हातारीचं नाव कोणी घेतलं तर माझ्याशी गाठ शे." ती गोष्ट तिथंच मिटली.

आणि मी? केसरबाईंनी मला धुण्याच्या सोड्यानं धुतलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, चार दिवस उन्हात उपडा ठेवला. वास कधीच गेला. पण गल्लीतून कोणी मला मागायला येईना. बाळंतीण आली, मोतीबिंदू आले, मोडलेले पाय आले, पण मला बोलावणं आलं नाही. कोणी नवीन थर्मास घेतला, निळा. मी फडताळात उभा. वर्ष गेलं, दुसरं गेलं.

आता चार दिवसांपूर्वीचं सांगतो. दुपारी दारात दोन माणसं आली. पुढं बाई, तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं चुडामण. डोंगरातली वाट न् वाट सांगणारा तो माणूस उंबऱ्याशी थांबला आणि पायानं उंबरा चाचपू लागला.

"अक्का, ते भरून आणणारा मी," तो म्हणाला. "पितांबरला पाजलं मी. दोन वर्षं धीर नाही झाला यायचा."

केसरबाईंनी त्याला हात धरून आत बसवलं. मग त्यांनी पितांबरला हाक मारली. तो आला, चुडामणला पाहून दारातच उभा राहिला. मग येऊन त्याच्या शेजारी खाली बसला. दोघंही जमिनीकडे बघत होते. म्हणजे, एक बघत होता.

केसरबाईंनी चहा केला. आणि काय मनात आलं कोणास ठाऊक, त्यांनी फडताळ उघडलं आणि मला खाली घेतलं. "ॲडमिट झालेल्याले नेतात त्यातच देते," म्हणाल्या. चहा माझ्यात ओतला, गरम, गोड, आल्याचा. मग माझ्यातून कपात ओतला आणि कप चुडामणच्या हातात दिला.

त्यानं कप तोंडाजवळ नेला. थांबला.

"यात काय आहे, अक्का?"

पितांबर म्हणाला, "चहा आहे. मी बघतोय. चहाच आहे."

चुडामणनं मान डोलावली. मग प्यायला.

माझं आता वय झालंय. झाकण सैल झालंय, चहा तासाभरात कोमट होतो. मागणारं कोणी येईल किंवा नाही. एवढंच मागणं आहे तुमच्याजवळ. माझ्यात काही भरलंत, तर पिणाऱ्याला खरं सांगा काय भरलंय. आणि कधी डॉक्टर विचारायला बसला, तर खरं तेच सांगा, देवी असो की बायको असो. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.